पाठमोरा लवू

ता. ३ नोव्हेंबर १९३१, मंगळवार

ही वही कोणी वाचावी म्हणून नाही. आईला वाचता येत नाही, राहीवहिनीला येत नाही आणि लवूदादा घरी नाही. त्यामुळे इथे खरे तेच लिहिता येईल.

दादाचा कॅमेरा आज ट्रंकेतून काढला. काळी पेटी, पुढे काचेचा एक डोळा. दादाने तो मुंबईत घेतला व गेल्याच्या गेल्या शिमग्याला मला दिला. म्हणाला, 'बाबू, तू नीटनेटका माणूस. माझ्या हाताला कोळसाच बरा.' मग आगबोटीवर आगवाला म्हणून गेला. श्रावणात एडनहून पत्र आले. त्याला पंधरा महिने झाले. कंपनीला तीन अर्ज केले, मसुदा माझा, अक्षर माझे. उत्तर एकच: या नावाचा इसम आमच्या पटावर नाही. तिथले कारकून निष्काळजी दिसतात. मी कचेरीसमोर अण्णा अर्जनवीसांकडे नकला करतो. इंग्रजी पाचवीत शाळा सुटली, पण माझ्या हातून नाव गाळल्याचे उदाहरण नाही.

संकल्प: एका वर्षात शहाण्णव चित्रे. रोलात आठ, म्हणजे बारा रोल. प्रत्येक चित्राखाली माझे स्वतःचे चिंतन. दादा आला की संग्रह त्याच्या हातात ठेवायचा. तो नसताना इथे काय काय झाले ते त्याला एका बैठकीत कळेल.

ता. ८ नोव्हेंबर, रविवार

पेटीबरोबर बावीस पानांची इंग्रजी पुस्तिका आहे. डिक्शनरी घेऊन पान तीनपर्यंत आलो. दोन रीती आहेत: इन्स्टंट आणि टाइम. इन्स्टंटमध्ये कळ दाबली की खटका, झाले. हे घाईचे काम. टाइममध्ये एकदा दाबली की डोळा उघडतो, पुन्हा दाबली की मिटतो. मधल्या अवधीत कोण कसा उभा आहे ते पाहता येते, वाकडे असेल ते सरळ करता येते. मला ही रीत पटली. पुढची पाने सवडीने वाचीन. पाया पक्का झाला.

आज भर दुपारी बाजार, कचेरी, धक्का अशी आठही चित्रे काढली. प्रत्येकी दहा आकडे मोजले. उद्याच्या बोटीने रोल मुंबईला, चित्रे धुणाऱ्या कंपनीकडे.

ता. १ डिसेंबर

रोल आला. आठही जागी काहीच नाही. कंपनीने चिठी जोडली आहे: ऊन फार, वेळ फार. त्यांच्याकडे औषधे शिळी असावीत.

तरीही नवा संकल्प: चित्रे फक्त उजाडताना किंवा गर्द सावलीत. आणि काचेमागचे सर्वांत बारीक भोक, म्हणजे उजेड कमी शिरेल. दहा आकडे मात्र सोडणार नाही.

ता. ५ डिसेंबर, सकाळ

मागल्या पडवीत राहीवहिनीचे चित्र घेतले. भात पाखडताना. सूप तिरके धरले होते, ते पाचव्या आकड्याला जाऊन सरळ केले व परत आलो. ती हसली. म्हणाली, 'भावजी, तुमी मोजता तेवा मदी मदी कशाला फिरता?' कलेत श्रम असतात, हे बायकांना सांगून समजत नाही. तिला सांगितले की हसू नये, हसणे उमटत नाही.

हे चित्र केवळ घरगुती उद्योग म्हणून घेतले. दुसरा हेतू नाही.

ता. १३ डिसेंबर, रविवार

मालगुंडला जाऊन आलो. पहाटे निघालो, दोन खाड्या तरीने. थंडी होती म्हणून दादाचा राखी कोट घातला. त्याने जाताना तो खुंटीवरच ठेवला होता. उंडीच्या झाडाखाली दोघे नारळ सोलत बसले होते. एकाने मान खाली घातली, ती वर करवून आलो. दुसरा म्हणाला, 'आवो, तुमी पेटीजवळ ऱ्हावा की! आमी काय पळून जातोय?' खेडवळ माणसे.

चिंतन (आगाऊ लिहून ठेवतो): नारळ वरून कठीण, आत गोड पाणी. दादाही असाच होता.

('होता' खोडून 'आहे' केले.)

ता. २० डिसेंबर

केळशीचा प्रवास. चार दिवसांची तयारी, शिदोरी, वही, दोन पेन्सिली. किनाऱ्यावरून मचव्यात बसलो, आगबोट लांब उभी होती. मचव्यातच बोट लागली. आगबोटीला हात लावला आणि त्याच मचव्यातून परत आलो. खलाशी म्हणाले, 'याचा भाव बोटीवर आगवाला? कुनाला सांगू नको रे!'

एक चित्र घेतले, मचव्यातूनच. चिंतन: काही गावे दुरून पाहण्यातच मौज असते. (केळशी दिसली नाही. ती इथून दोन बंदरे पलीकडे आहे.)

ता. ४ जानेवारी १९३२, सोमवार

रोल आला. आठांपैकी चार चित्रे उमटली आहेत.

अक्षराकडे लक्ष देऊन लिहितो. मालगुंडच्या चित्रात दोन माणसे बसली आहेत. आणि तिसरा उभा आहे. तिसरा तिथे नव्हता. पाठमोरा. अंगातून झाडाचा बुंधा दिसतो. पाय नाहीत, गुडघ्याखाली नुसती वाळू. अंगात कोट. किंचित वाकून, नारळ सोलणाऱ्यांना काही विचारत असावा असा.

वहिनीच्या चित्रातही धुरकट काही आहे, सुपाजवळ.

कंपनीची चिठी: 'सब्जेक्ट मूव्हड'. म्हणजे चित्रातला इसम हलला. हे खोटे आहे. मी स्वतः जाऊन जाऊन त्यांना हलू नका म्हणून सांगत होतो.

आईला दाखवणार नव्हतो. पण तिने हातातून घेतले, दारातल्या उजेडात धरले आणि मट्‌कन खाली बसली. 'माजा लवू. बग, उजवा खांदा पाडून उभा ऱ्हायलाय. बापूसवानी.' वहिनीने चित्र पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. तशीच चुलीकडे गेली.

माझे मत: काचेवर धूळ असावी.

ता. ६ जानेवारी

धूळ नाही. काच पुसून पाहिली.

नीट विचार केला. चित्रातला कोट दादाचाच आहे, यात शंका नाही; कॉलर तशीच मोडलेली. पण तो कोट त्या दिवशी माझ्या अंगात होता. मग त्याच्या अंगात कसा? एकच निष्कर्ष निघतो: कोट माझा आहे, हे त्याला मान्य नाही. तो मागायला येत असावा.

संकल्प: यापुढे कोट घालायचा नाही. खुंटीवर, घडी करून, वर कापूर.

भीती वगैरे वाटत नाही.

ता. १७ जानेवारी, रविवार

उजाडताना मिरकरवाड्यावर. कोटाशिवाय, नुसत्या सदऱ्यात. थंडी सोसली. कोळणी सुकटीच्या ओळी घालत होत्या. हौसा म्हणून एक आहे, तोंडाची फटकळ. तिची टोपली आडवी येत होती म्हणून तीनदा जाऊन बाजूला केली. ती म्हणाली, 'मेल्या, टोपलीचा फोटो काढतोस का माजा? लगीन झालं नाय वाटतं तुजं, कुनाची तरी टोपली हलवत सुटलायस!' सगळ्या हसल्या. मी आकडे मोजत राहिलो.

ता. ९ फेब्रुवारी

वहिनीचे वडील सखाराम आले आहेत, लांज्याकडून. ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि सरळ विषय काढला. 'पोरगी चोवीस वरसांची. दीड वरस झालं, कागुद नाय. आजून किती दारात बसवायची?' आमच्यात पाट लागतो. नवरा गेलेल्या बाईला दुसरे घर करता येते. त्यांनी एक माणूस पाहिला आहे, बायको वारलेला, दोन जोत जमीन. पण लवू गेला असे आमच्या बाजूने कोणी म्हटल्याखेरीज पाट लागणार नाही.

आई म्हणाली, 'त्याला चित्रात बगितलाय आमी.' सखाराम म्हणाले, 'म्हंजे जिता की मेलेला?'

हा प्रश्न मलाही सुचला नव्हता.

ठरले: सोमवारी गावदेवीला कौल लावायचा. विचारायचे ते एकच: लवू जिवंत आहे काय.

वहिनीने गेले तर काय, हा विचार मी अलिप्तपणे केला. आईचे कसे होईल, एवढीच काळजी आहे.

ता. १५ फेब्रुवारी, सोमवार

कौल. रामा गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर जिवंत, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणे घातले. आई हात जोडून. वहिनी खांबाला टेकून. सखाराम डाव्या पाकळीकडे डोळे लावून.

या प्रसंगाचे चित्र झालेच पाहिजे, असे मला तीव्रतेने वाटले. मंडपात अंधार, म्हणून दोनशे आकडे. पेटी चौथऱ्यावर ठेवली, डोळा उघडला. गुरवाचे कोपर देवीच्या मुखावर येत होते, ते पुढे जाऊन खाली घेतले. पुन्हा आले. मग तिथेच, देवीजवळ, शंभर आकडे उभा राहिलो, म्हणजे कोपर पुन्हा वर येऊ नये.

पाकळ्या पडल्या नाहीत. एक तास, दोन तास. सुकून तिथेच चिकटल्या. रामा गुरव म्हणाला, 'देवी बोलत नाय. असं माज्या बापसाच्या वेळेला एकदाच झालं व्हतं.' सखारामांनी आणखी पंधरा दिवस थांबायचे कबूल केले व गावी गेले.

रोल तातडीने मुंबईला.

ता. ८ मार्च, मंगळवार

आला.

आधी मिरकरवाडा: सुकटीच्या ओळींत तो उभा आहे. या वेळी निम्म्याने अधिक स्पष्ट. एक गोष्ट पाहून घाम फुटला: त्यानेही कोट घातलेला नाही. मी घातला नाही म्हणून त्याने घातला नाही. नुसता सदरा.

मग देवळाचे. इथे तो पेटीपासून सात हातांवर आहे. मालगुंडला वीस हातांवर होता, मिरकरवाड्याला बारा. दर खेपेला जवळ येतो आहे. देवीच्या खांद्याशी उभा, मान थोडी तिरपी, जणू तिच्या कानात सांगतो आहे किंवा ती सांगते ते ऐकतो आहे.

दुपारी ओटीवर गाव जमला. सखारामही आले होते. चित्र रामा गुरवाच्या हातात. देवी बोलली नव्हती ती आता बोलली, यावर सर्वांचे एकमत. वाद एवढाच की लवू उजवीकडे आहे की डावीकडे. सखाराम म्हणाले, 'हा बगा, डाव्या हाताला. म्हंजे गेला.' गुरव म्हणाला, 'तुमच्या डाव्या हाताला, पावनं. कौल काय तुमच्या खांद्याला लावला व्हता? देवीचा उजवा बगायचा.' देवीचा उजवा. म्हणजे जिवंत.

आई मोठ्याने रडली. कौलापासून ती धड जेवली नव्हती; आज भात खाल्ला, दोन वेळा वाढून घेतले. सखाराम पाणीही न घेता उठले. पायऱ्या उतरताना म्हणाले, 'चित्राच्या पायी पोरीचा जलम जानार.'

वहिनी गेली नाही. मला समाधान वाटले, आईकरिता.

ता. २ एप्रिल

लोक चित्र पाहायला येतात. ज्यांची माणसे बोटीवर आहेत त्या बायका विशेष. मिरकरवाड्याची काशी म्हणून एक आली, तिचा मुलगा तीन वर्षे परतलेला नाही. म्हणाली, 'भाऊ, माज्या दारात एकदा लाव ना ती पेटी. एकदाच.' मी सांगितले की रोल संपला आहे. रोल होता. पेटीला हात लावायचे धैर्य नव्हते, असे नाही. उजेड बरोबर नव्हता.

ता. १९ एप्रिल

आई दादाचे ताट मांडते. पाटाच्या जागेवरून मी उठतो, कारण ती जागा त्याची. मी दाराशी बसतो.

चित्रे ट्रंकेत, पालथी. ट्रंकेवर पाट, पाटावर वरवंटा. ही काळजी उंदरांसाठी.

नकला करताना मागे कोणी आकडे मोजते असे वाटते. आठ, नऊ. दहा म्हणत नाही. अण्णांनी विचारले, 'मान सारखी का फिरवतोस रे?' सांगितले, वारा लागला.

ता. २४ मे, मंगळवार

शेवटची आगबोट गेली. आता पावसाळाभर बोट नाही. शिल्लक संकल्प: बहात्तर चित्रे. पाऊस असल्याने स्थगित. दरम्यान पुस्तिका पूर्ण वाचण्याचा निश्चय.

ता. ११ जुलै, सोमवार

पाच दिवस झड. अण्णांनी सुटी दिली. पान चौदा. परिच्छेद दुसरा. शब्दशः उतरवून घेतला:

टाइमवर चित्र घेताना कोणीही पेटीसमोरून जाऊ नये. क्षणभर गेल्यास उमटणार नाही. परंतु थांबल्यास, ज्याच्यातून मागचे दिसते अशी आकृती उमटेल.

तीनदा वाचला. डिक्शनरीत 'थांबल्यास' पुन्हा पाहिले.

मग ट्रंकेवरचा वरवंटा उतरवला.

तो मी आहे.

मालगुंडला मी. मिरकरवाड्याला मी, सदऱ्यात, कारण मी सदऱ्यात होतो. देवीच्या उजव्या खांद्याशी शंभर आकडे मी.

सुटल्यासारखे वाटायला हवे होते. भूत नव्हते. परंतु आता चित्राकडे बघवतच नाही. माझी पाठ मी कधी पाहिली नव्हती. उजवा खांदा खरोखर पडलेला आहे.

ता. १२ जुलै

आईला आज सांगणार होतो. ती पेज घेऊन दादाच्या ताटाशी बसली होती. उद्या.

ता. १३ जुलै

पाऊस फार. अशा दिवसांत म्हाताऱ्या माणसांना धक्का देऊ नये.

ता. १७ जुलै

दादा जिवंत आहे, हे चित्रावरून ठरले. पण चित्र खोटे ठरले म्हणून दादा मेला असे होत नाही. हा मुद्दा कायदेशीर आहे. तेव्हा सांगण्याची निकड नाही.

ता. १ ऑगस्ट

राहीवहिनीला आधी सांगावे का? तिने जिच्यावर विसंबून दारात राहायचे ठरवले ती माझी पाठ आहे. सांगितले तर ती जाईल. हा विचार अर्थात आईच्या दृष्टीने.

ता. २१ ऑगस्ट, रविवार

पाऊस थांबत नव्हता म्हणून दादाचा कोट डोक्यावर घेऊन विहिरीवर गेलो. परत येताना आई दारात. 'आलास रे लवू?' मी उभा राहिलो. पावसाचा आवाज होता, ऐकू आले नाही असे करता आले असते. मी म्हणालो, 'हो.'

हे का म्हणालो ते लिहायला बसलो होतो. सुचत नाही.

ता. १४ सप्टेंबर, बुधवार

आगबोटी सुरू झाल्या. आजच्या बोटीने गंगाराम आला. मिरकरवाड्याचा, दादाबरोबरचा आगवाला. पाठीवर दादाची पत्र्याची पेटी.

ओटीवर बसला, टोपी काढली. दादा बसऱ्याला तापाने गेला. गेल्या वर्षी पौषात. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी गेला. तिथेच पुरला. गंगाराम स्वतः आजारी पडून मागे राहिला, मग दुसऱ्या बोटीवर लागला, मग तिसऱ्या. कंपनीने का कळवले नाही, विचारले. म्हणाला, 'कुनाला कळवनार? लवू दुसऱ्याच्या कागदावर चढला व्हता. नाव दुसऱ्याचं. मेला तो पन त्याच नावानं.'

म्हणजे कारकुनांनी नाव गाळले नव्हते.

पौष. मी कॅमेरा ट्रंकेतून काढला तेव्हा त्याला जाऊन दहा महिने झाले होते.

वहिनीने पत्र्याची पेटी उघडली. आत एक पंचा, आरसा, तंबाखूची डबी. तिने सगळे पुन्हा आत ठेवले आणि आतल्या खोलीत गेली. बांगड्यांचा आवाज आला, मग आला नाही.

आई रडली नाही. म्हणाली, 'पौषात गेला, आनि माघात देवीकडे आला. तेराव्या महिन्याला वाट काढून आला माजा पोर.' संध्याकाळपर्यंत हे गावभर झाले. रामा गुरव येऊन म्हणाला, कौल बरोबरच होता, जिवंत म्हणजे देवीपाशी.

ता. १६ सप्टेंबर

आता सांगितलेच पाहिजे. तोंडी सांगताना चुका होतात, म्हणून निवेदन तयार केले. दोन मसुदे, एक स्वच्छ प्रत, सात कलमे. आईसमोर उभे राहून वाचले. 'कलम पहिले: सदरहू छायाचित्रांतील पाठमोरा इसम व निवेदन करणार हे दोन्ही एकच असून.' ती शेवटपर्यंत मन लावून ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, 'अर्ज झ्याक झालाय. कंपनीला धाड.'

आत वहिनी होती. नंतर विहिरीवर भेटली. तिच्या कपाळाकडे बघायचे टाळले. म्हणाली, 'भावजी, सात कलमं कशाला? मीच तो, येवढंच सांगायचं व्हतं.'

तिला ठाऊक होते. पहिल्या दिवसापासून. 'सूप धरून मी उभी, तुमी येऊन सूप सरळ करताय, आनि चित्रात सुपाशी धूर. मला काय डोळे नायत?' मग गप्प का राहिली, विचारले. 'बापूस मला ज्याला देत व्हता त्याची पोरगी माज्यापरीस मोठी. देवीनं थांबवलं म्हंजे मला बोलावं लागलं नाय. आनि तुमची आवस जेवायला लागली.' मग बादली उचलली. 'पन रोज वाटायचं, आज तुमी सांगाल.'

ता. १८ सप्टेंबर, रविवार

माझ्या चित्रामुळे तिचे नको ते लग्न टळले, हे तिच्याच तोंडचे. यावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. सुतक संपले की तिच्याशी एकदा नीट बोलायचे. टिपण करतो आहे. आतापर्यंत चार मुद्दे.

ता. २ ऑक्टोबर

टिपण: नऊ मुद्दे. पाचव्याची भाषा थोडी बोजड.

ता. ९ ऑक्टोबर, रविवार

सखाराम बैलगाडी घेऊन आले. गाडी हाकणारा दुसराच होता, तिशीचा, दाढी केलेला, खाली उतरून बैलांना पाणी पाजत होता. सखाराम म्हणाले, 'पोरीनं सोताच बगितलाय, जत्रेत. आमाला काय विचारलं नाय.' मार्गशीर्षात पाट.

वहिनी आईच्या पाया पडली. आईने तिचे तोंड दोन्ही हातांत धरून ठेवले, किती तरी वेळ. मग वहिनी मला म्हणाली, 'येते भावजी. पेटी विकू नका, पन काशीबायच्या दारात एकदा लावा. उमटो न उमटो.' टिपण खिशात होते. मी म्हणालो, 'गाडीत पाय नीट घ्या.'

तिने स्वतःचे चित्र मागितले नाही. द्यायला तयार ठेवले होते, कागदात बांधून.

ता. १६ ऑक्टोबर, रविवार

काशीच्या दारात पेटी लावली. इन्स्टंटवर. खटका, झाले. ती दाराकडे तोंड करून बसली होती, कोणी येईल तर दिसावा म्हणून. मी पेटीमागे होतो. कोठेही गेलो नाही.

ता. ५ नोव्हेंबर

काशीचे चित्र आले. दार, काशी, उंबरा. फार स्वच्छ. तिने ते पालथे करून पाठीमागेही पाहिले. मग म्हणाली, 'बरं हाय,' आणि परत दिले. माझे पहिले निर्दोष चित्र.

ता. २० नोव्हेंबर, रविवार

वर्ष पुरे झाले. ठरलेली चित्रे शहाण्णव. उमटलेली एकोणीस. त्यांपैकी अकरांत मी.

आईने देवळाच्या चित्राला चौकट करून घेतली. माजघरात पूर्वेच्या भिंतीला लावले आहे. खाली दादाचे नाव माझ्याकडूनच लिहून घेतले. अक्षर बरे आले. रोज झेंडूचे फूल. सकाळी मला हात जोडायला सांगते, मी जोडतो.

तिला एकदा, आणखी एकदा आणि परवा पुन्हा सांगून पाहिले. कलमे न घालता. 'आई, तो मी आहे.' ती म्हणाली, 'व्हय रे, भाव तो तुजा, तुज्यात असनारच.'

दिवेलागणीला ती भिंतीसमोर बसते आणि त्याच्याशी बोलते. इतके ती माझ्याशी कधी बोलली नाही. विहिरीचे पाणी, राहीचा निरोप, गुडघा दुखतो ते. माझ्याविषयीही. बाबू दुबळा पडलाय, बाबूचं काय जमत नाय, राही गेली त्या दिवशी बाबू जेवला नाय, मी बगितलं पन बोलले नाय. हे मी ओटीवरून ऐकले. तिने बघितले होते, हे मला माहीत नव्हते.

आज राहवले नाही, आत जायला निघालो. तिने मागे न पाहता विचारले, 'कोन?'

'मी.'

'मी कोन?'

'बाबू.'

'जरा भायेर बस बाळा,' म्हणाली, 'माजं बोलनं व्हायचंय.'

बाहेर बसलो आहे.